मुकी बाळंतीण

चैतीच्या आवाजाला दरी पुरत नसे. दाभोशाच्या वरच्या पाड्यावरून तिनं हाक मारली की ती नदी ओलांडून समोरच्या डोंगरावर आदळायची, तिथून परत फिरायची आणि येता येता वाटेतल्या माणसांना उगाच दचकवून यायची. मोबाइल आले होते, पण नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागे. त्यापेक्षा लोक चैतीच्या अंगणात येत. "चैतीबाय, आमच्या म्हाताऱ्याला सांग, जीप आली." चैती कमरेवर हात ठेवी, तोंड जरासं तिरकं करी आणि सांगे. म्हातारा ऐके. त्याच्याबरोबर त्याचे शेजारी, त्यांची कुत्री आणि ज्यांचा त्या जीपशी काडीचा संबंध नाही अशी माणसंही ऐकत, आणि एवढं बोलावलंच आहे म्हणून तीही निघत. एकदा तिनं कोणाच्या तरी जावयाचं भांडण मिटल्याची खबर पलीकडे दिली. कोणाचा जावई ते वाऱ्यात विरून गेलं. दिवस मावळायच्या आत दोन भलतेच जावई बायकोच्या माहेरी येऊन, माफी मागून, जेवून गेले.

हा आवाज आयुष्यात एकदाच बंद पडला होता, लेकीच्या, प्रगतीच्या वेळी. ते बाळंतपण लांबलं. चैती पहिल्या दिवशी ओरडली, दुसऱ्या दिवशी ओरडली, आणि मग तिच्या घशात काही उरलंच नाही. दातात धरायला दिलेलं बैलाचं दावं तिनं चावून तोडलं. पोरगी झाली, आणि दरीत शांतता झाली. पलीकडच्या पाड्यावरचे लोक ती शांतता ऐकून मयताला आले. चैती चुलीजवळ पडून आंबील पीत होती. आलेल्यांना थोडं ओशाळल्यासारखं झालं. ते बसले, आंबील प्यायले आणि गेले.

त्या बाळंतपणाबद्दल चैती कधी बोलली नाही. फक्त प्रगतीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ती तिला म्हणाली, "तुझा तसा होऊ द्यायची नाय मी." प्रगतीनं विचारलं, "कसा?" चैती म्हणाली, "तसा."

तिला हे म्हणायचा अधिकार होता, कारण तोवर ती जव्हारला दवाखान्यात लागली होती. गावाबाहेरच्या माळावर एका संस्थेनं बाळंतपणाचा दवाखाना काढला होता. तिथं मावशी हवी होती. असा आवाज असलेली बाई त्यांनी कशी घेतली हे कोडंच आहे. मुलाखतीत तिला फारसं बोलू दिलं नसावं.

त्या दवाखान्यात नाशिकहून उज्ज्वला मॅडम आल्या. मॅडम भूल देणाऱ्या डॉक्टर. उंच, बारीक, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतिणीला झोपवायचं नाही, पाय लुळे करायचे नाहीत, फक्त कळांचं दुखणं काढून घ्यायचं. त्यासाठी पाठीच्या मणक्यांमधून, नसांच्या पिशवीच्या जरा अलीकडे एक अरुंद जागा असते, तिथं केसासारखी नळी ठेवायची. आत पिशवीला धक्का लावायचा नाही. नळीतून औषध सोडायचं, तेही पातळ, आणि एकदम नाही, थोडं थोडं. एक लहानसं यंत्र ठरल्या वेळी औषध ढकलतं. मध्येच दुखलं तर बाळंतिणीच्या हातात एक बटण. बटण कितीही दाबलं तरी यंत्र ठरल्यापेक्षा जास्त देत नाही.

चैतीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मी काय करायचा?"

"तुम्ही भिंत व्हायचं," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे असं, की बाळंतिणीनं खाटेच्या कडेला बसायचं, हनुवटी छातीला लावायची आणि मांजरासारखी पाठ बाहेर काढायची, म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. पुढून तिला चैतीनं धरायचं. तिनं डोकं चैतीच्या खांद्यावर टाकायचं. कळ आली तर मॅडम थांबायच्या, कळ गेली की सुई पुढे. तेवढा वेळ बाईनं हलायचं नाही. चैती भिंत म्हणून उत्तम होती. रुंद होती, गरम होती, तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता, आणि त्या वासानं बायकांचे खांदे आपोआप खाली येत. दवाखान्याच्या फिनेलच्या वासानं ते वर जात.

अडचण भिंतीच्या तोंडाची होती.

मोखाड्याकडून सुकी नावाची पोरगी आली होती. तिचा नवरा सोन्या ठाण्याला बांधकामावर जायचा, तिथून हिंदी घेऊन आला होता आणि ती जागोजाग वापरायचा. मॅडमनी सुकीच्या पाठीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून जागा पाहिली, पेनानं खूण केली, औषधानं पुसलं. सुई हातात घेतली. चैतीला वाटलं, पोरीला सांगायला हवं. ती तिच्या कानाशी म्हणाली, "हलू नको!"

सुकी हातभर उडाली. मॅडमची सुई हवेतच राहिली हे सुकीचं नशीब. शेजारच्या खोलीतल्या तपासणीच्या टेबलावरची एक बाईही, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं तरी, हलायची थांबली.

मॅडमनी सुई खाली ठेवली. चष्मा वर केला. "मावशी, सगळ्यांच्या कमरेखालचं बंद करायचं औषध माझ्याकडे आहे. तुमच्या गळ्याचं नाही."

"मी हळूच बोलली, बाई."

"हळू म्हणजे कसं?"

"म्हंजे नदीच्या अलीकडं."

त्या दिवसापासून सुई पाठीशी असताना चैतीनं तोंड उघडायचं नाही असं ठरलं. ती ओठ मिटून उभी राही. डोळे मोठे होत, नाकपुड्या फुलत, आणि खांद्यावर डोकं टाकलेल्या बाईला तिच्या छातीत काहीतरी गुरगुरताना ऐकू येई, दूर कुठेतरी जीप घाट चढते आहे तसं.

सुकीची नळी नीट बसली. मॅडमनी आधी थेंबभर औषध सोडून विचारलं, कानात शिटी वाजते का, तोंडाला लोखंडासारखी चव येते का. वाजली किंवा आली तर नळी भलत्या जागी, रक्ताच्या नळीत गेली असं समजायचं. सुकी म्हणाली, "चव कसली, सकाळपासून काय खाल्लाच नाय." मग खरं औषध गेलं. थोड्या वेळानं सुकीनं डोळे मिटले, आणि कळा येत-जात असताना ती झोपली. दोन दिवस झोपली नव्हती बिचारी.

इथून खरा घोटाळा सुरू झाला.

बाहेर व्हरांड्यात सोन्या होता, त्याची आई होती, आईच्या बहिणी होत्या. ते सगळे कान लावून बसले होते, आणि आतून काहीच येत नव्हतं. आधी ओरडणारी बाई गप्प होते याचा अर्थ त्यांच्या अनुभवात दोनच होते. पोर झालं असावं, तर पोराचा आवाज यायला हवा. तो नव्हता. मग दुसरा अर्थ.

सोन्यानं खिडकीला नाक लावलं. आत त्याची बायको डोळे मिटून पडली होती. पाठीला नळी, हाताला नळी, उशाशी टुकटुक करणारं यंत्र. "मर गयी," सोन्या म्हणाला आणि व्हरांड्यात बसकण मारली. त्याच्या म्हाताऱ्या आईनं ऊर बडवायला सुरुवात केली.

चैती बाहेर धावली. "अरे, झोपली ती!"

"कळात कोन झोपतं?" म्हातारी म्हणाली.

"औषध दिलं. दुखत नाय तिला."

"दुखत नाय म्हंजे गेलीच ना!"

चैतीलाही, खरं सांगायचं तर, ते पटण्यासारखं वाटलं. ती आत गेली. सुकीकडे पाहिलं. सुकीनं एक डोळा उघडला आणि विचारलं, "बाहेर कोन मेला?" चैतीनं एकदा दाराकडे पाहिलं, छाती भरली आणि सुकीच्या वतीनं ओरडली.

तो आवाज व्हरांड्यातून, फाटकातून, रस्त्यावरच्या जीपवाल्यापर्यंत गेला. सोन्याच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "जिंदा है," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. म्हातारीनं ऊर बडवणं थांबवलं आणि समाधानानं पदर सारखा केला.

मॅडम मात्र पलीकडच्या खोलीतून धावत आल्या. त्यांना वाटलं नळी सरकली. आत पाहतात तर सुकी पाण्याचा घोट घेत होती आणि चैती कोपऱ्यात उभी राहून दुसऱ्या आरोळीसाठी दम घेत होती.

"मावशी, हे काय चाललंय?"

"बाहेरच्यांसाठी, बाई. आतलीसाठी नाय."

मॅडमनी बर्फाचा खडा आणून सुकीच्या पोटावरून फिरवला, गार कुठपर्यंत लागतं ते विचारलं, पाय उचलायला लावले, रक्तदाब पाहिला, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकले. सगळं जिथल्या तिथं होतं. "लक्षात ठेवा," त्या नर्सला म्हणाल्या, "या खोलीत आवाज ऐकून कोणी औषध वाढवायचं नाही. बाळंतिणीला विचारायचं. तिच्या तोंडून ऐकायचं." आणि चैतीला म्हणाल्या, "सुई चालू असताना नाही. मी ठोके ऐकत असताना नाही. आणि आधी मला सांगून."

एवढ्या अटींवर ती रीत चालू झाली. नळी घेतलेली बाळंतीण पडून राही, गप्पा मारी, एखादी कोऱ्या चहाचा घोट घेई, आणि अधूनमधून चैती नर्सला खूण करून तिच्या वाटची एक आरोळी ठोकून देई. बाहेरची माणसं निश्चिंत बसत. काही बायका तर नंतर घरी सांगत, मी एवढी ओरडली, एवढी ओरडली, दवाखाना हलला. चैती ते ऐके आणि गप्प राही. ज्याची कळ त्याचा मान.

प्रगतीचे दिवस भरत आले तेव्हा चैतीच्या मनात काही शंका नव्हती. रक्त तपासून झालं होतं, मॅडमनी पाठ पाहून ठेवली होती. शंका प्रगतीच्या मनात होती.

"आत्याबायला नाय चालायचा," ती म्हणाली. आत्याबाय म्हणजे तिची सासू मालू, जामसरची.

"का नाय? पहिला बाळंतपण माहेरचा."

"बाळंतपण माहेरचा. पण पोर त्यांचा."

मग तिनं सांगितलं ते असं. जामसरच्या त्या घराची एक रीत होती, इतर घरांत कुठं नव्हती. बाळंतीण कळेसरशी ओरडली की बाहेर बसलेल्या घरच्या माणसांनी ओरडून उत्तर द्यायचं: "इकडं! इकडं!" पोराला आत काही दिसत नाही. त्याला पहिल्यांदा आईचा आवाज ऐकू येतो, त्यामागून बाहेरच्या घराचा. त्या दोन आवाजांच्या मधून ते वाट काढत येतं. रूपेशच्या, म्हणजे प्रगतीच्या नवऱ्याच्या वेळी मालू जामसरच्या बांधापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली होती, आणि बांधावरून तिच्या नवऱ्यानं, माघ्यानं उत्तर दिलं होतं. रूपेशच्या चुलत भावाच्या वेळी बाहेरचे लोक लग्नाला गेले होते, उत्तर द्यायला कोणी नव्हतं. तो पोरगा अजूनही बाजारातून घरी यायचं विसरतो.

"मी ओरडलीच नाय तर पोराला वाट कशी सापडायची?" प्रगती म्हणाली. "आणि मला नांदायचा तिथंच हाय, आये. जन्मभर ऐकावा लागंल."

"नळी घेशील की नाय एवढा सांग."

प्रगतीनं पोटावर हात ठेवला. तिनं आईच्या त्या बाळंतपणाची गोष्ट आईकडून नाही, पण पलीकडच्या पाड्यावरच्या, मयताला येऊन आंबील पिऊन गेलेल्या बायकांकडून ऐकलेली होती. "घेईन," ती म्हणाली. "पण आत्याबायला कळला नाय पाहिजे."

"ओरडायचा माझ्यावर सोड," चैती म्हणाली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. दुपारपर्यंत जामसरहून जीप आली. तीत मालू होती, माघ्या होता, रूपेश होता, दोन काका, एक आत्या, शेजारची एक म्हातारी, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी एक जाडजूड माणूस बसला होता. तो नुसताच चांगला आवाज आहे म्हणून आणलेला. सगळे व्हरांड्यात रांगेनं बसले, घसे खाकरले आणि वाट पाहू लागले. फाटकावरचा पांड्या वॉचमन त्यांना म्हणाला, "भजन हाय का?"

आत मॅडमनी प्रगतीच्या पाठीला नळी घातली. चैतीनं भिंतीचं काम तोंड मिटून केलं. औषध गेलं. मॅडमनी बर्फ फिरवला.

"डावीकडे गार लागतं का?"

"नाय."

"उजवीकडे?"

"लागतंय."

"बर्फ लागतो म्हणजे कळही लागणार," मॅडम स्वतःशी म्हणाल्या. आणि तेवढ्यात कळ आली. प्रगतीचा उजवा पाय ताठ झाला, ओठ पांढरे पडले, आणि ती ओरडली. खरी ओरडली. ओरडण्याची सवय नसलेल्या पोरीचा बारीक, तुटका आवाज होता तो.

बाहेरून उत्तर आलं नाही. व्हरांड्यात रूपेशची आत्या म्हणाली, "आत कोणीतरी शिंकला वाटतं."

चैती मॅडमकडे वळली. "बाई," ती म्हणाली, "बाई, हिला अर्धाच लागू झाला." तिला आता ते दावं तोंडात आल्यासारखी चव आली, सुताची आणि रक्ताची.

"होतं असं कधीकधी. नळी एका बाजूला सरकते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला, नळी नखभर बाहेर ओढली, परत चिकटवली, प्रगतीला उजव्या कुशीवर वळवलं आणि औषध थोडं सोडलं. घाईनं काही केलं नाही. चैतीला ती सावकाशी सहन होईना. मधल्या दोन कळा तिनं प्रगतीच्या उजव्या तळपायाला धरून काढल्या, जणू कळ पायातून खाली गळून जाणार होती.

मग पुढली कळ, कळा मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर चढताना दिसली, टेकाडासारखी, आणि प्रगती छताकडे पाहत म्हणाली, "आये, तो पंखा वाकडा हाय."

चैती खुर्चीवर बसली.

तेवढ्यात नर्स आत आली. "तुमची व्याही मंडळी विचारतात, हाक कधी येणार. तो जाडा माणूस म्हणतो, त्याला संध्याकाळी मोखाड्याला जायचंय."

चैती उठली. मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी ठोके ऐकून झाल्यावर मान हलवली. चैतीनं कमरेवर हात ठेवला, तोंड जरासं तिरकं केलं आणि प्रगतीच्या वतीनं अशी आरोळी दिली की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"इकडं!" बाहेरून एकदम उठलं. "इकडं! इकडं!" जाड्या माणसाचा आवाज सगळ्यांच्या वर. फाटकाबाहेर सायकलवरून चाललेला पाववाला थांबला, वळला आणि पाव घेऊन आत आला. पांड्या त्याला बाहेर काढत होता, तो म्हणत होता, "अरे, तुम्हीच बोलावता, तुम्हीच हाकलता!"

चैतीनं दुसरी आरोळी दिली. "इकडं!" आलं, पण या वेळी त्यात एक आवाज कमी होता. मालूचा.

मालू व्हरांड्यात उभी राहिली होती. ती कान देऊन ऐकत होती. जामसर दाभोशापासून लांब आहे खरं, पण प्रगतीचं लग्न ठरवायला ती दाभोशाला गेली होती, तेव्हा दरीच्या अलीकडून पलीकडं "पाव्हणी आली, कोंबडा पकडा" हे तिनं ऐकलं होतं. तो आवाज माणूस विसरत नाही.

दार उघडलं आणि मालू आत आली. तिनं पाहिलं. तिची सून उजव्या कुशीवर पडून नर्सशी पंख्याबद्दल बोलत होती. आणि तिची विहीण तोंड उघडं टाकून खोलीच्या मधोमध उभी होती.

"विहीणबाय," मालू म्हणाली, "पोर तुला व्हायचा का तिला?"

चैतीचं तोंड मिटलं. प्रगतीनं चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"दुखत नाय तिला," चैती म्हणाली. "मीच नळी घालायला लावली. तिला बोल लावू नका. लावायचा तो मला लावा."

मालू खाटेजवळ गेली. सुनेच्या कपाळाला हात लावला, घाम नव्हता. तिनं पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं झालं, कळ आली, गेली. सून तिच्याकडे पाहत होती, घाबरून, पण कळेनं नाही. मालूनं हात तसाच ठेवला. दुसरी कळ आली, गेली. तिनं हातानं त्या कळा ओळखल्या. अशा कळांमध्ये तिनं खांबाला मिठी मारली होती.

"काय दुखत नाय तुला?"

"पाय जरा जड हाय, आत्याबाय. दुसरा काय नाय."

मालूनं पोटावरचा हात काढला. आता काहीतरी मोठं येणार म्हणून चैतीनं दोन्ही हातांनी खाटेची पट्टी धरली.

"नळीचा काय नाय," मालू शेवटी म्हणाली. "नळी राहू द्या. पण विहीणबाय, तू हे काय केलंस? तू कोणत्या घरची? दाभोशाची. तू हाक मारली तर पोर तुझ्या घराकडं निघंल ना! आम्ही बाहेर बोंबलतो जामसरकडं, आणि आत तू खेचतेस दाभोशाला!"

चैतीच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. तिनं एवढ्या बायकांच्या वाटची हाक दिली होती. सुकीची, वावर गावच्या एका पोरीची, विक्रमगडहून आलेल्या दोघी बहिणींची. ती सगळी पोरं आत्ता कुठल्या कुठं, आपापल्या घरात असूनही दाभोशाच्या दिशेला तोंड करून रडत असतील की काय, असं चित्र तिच्यासमोर उभं राहिलं. "आता कसा करायचा?" तिनं विचारलं.

"सरक," मालू म्हणाली. तिनं पदर कमरेला खोचला. "आमच्या घरचा पोर, आमच्या घरची हाक." आणि ती ओरडली.

तो आवाज चैतीच्या आवाजासारखा नव्हता. चैतीची हाक सरळ जायची, मालूची खालून वर चढली, मध्ये वाकली आणि शेवटी जमिनीवर पडली. खरी बाळंतिणीची आरोळी होती ती, इतक्या वर्षांनी बाहेर काढलेली, जशीच्या तशी. नर्सच्या हातातला ट्रे वाजला. "इकडं! इकडं!" बाहेरून आलं, आणि त्यात माघ्याचा आवाज जरा कापला. त्याला ती ओळखीची वाटली असावी.

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. "झालं ना ठरून? ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ओरडा हवं तेवढं, पण ठोके ऐकताना नाही."

पुढच्या कळेला मालूनं प्रगतीच्या हातातलं बटण पाहिलं. "हे दाबला की काय होतं?"

"थोडं औषध जातं."

"मंग मी दाबते. तिनं कशाला त्रास घ्यायचा."

"नाही!" मॅडम एवढ्या जोरात म्हणाल्या की चैतीनंही मान वळवून पाहिलं. "तिच्याऐवजी ओरडायची तुम्हाला मुभा आहे. तिच्याऐवजी बटण दाबायची नाही. तिचं तिला कळतं किती दुखतंय ते. तिला गरज नसताना दुसऱ्यानं दाबत बसलं की यंत्राची हद्द असूनही तिला नको तितकं औषध जातं."

मालूनं हात मागं घेतला. "पोर हिचा, कळ हिची, बटण हिचा," ती चैतीला म्हणाली, "आणि घसा माझा."

दिवसाचं ऊन खिडकीतून सरकत गेलं. मालू हाक मारत राहिली, बाहेरचे उत्तर देत राहिले. पाववाल्याचे सगळे पाव खपले. जाडा माणूस मोखाड्याला गेलाच नाही. रंगात आला होता. आणि हळूहळू मालूचा आवाज चिरत गेला. आधी वरचा सूर गेला, मग मधला, मग हाक मारताना तोंडातून नुसती हवा यायला लागली, फुटक्या फुंकणीसारखी.

नर्सनं तपासलं आणि म्हणाली, "वाट पूर्ण उघडलीय."

मॅडम प्रगतीच्या उशाशी आल्या. "आता कळ आली की तुला खाली दाब जाणवेल. औषध मुद्दाम पातळ ठेवलंय, तेवढं कळण्यासाठी. दाब आला की जोर लाव."

"आला," प्रगती म्हणाली.

मालूनं तोंड उघडलं. काही निघालं नाही. तिनं परत उघडलं. बाहेर व्हरांड्यात सगळे गप्प, कान लावून. चैतीची छाती भरली. आयुष्यात ती कधी एवढी भरली नसेल, सगळी दरी तिच्यात मावली असती. मालूनं झटकन तिचं मनगट पकडलं आणि मान हलवली. नाही. दाभोसा नाही. चैतीनं ओठ मिटले. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज आत राहिला.

"आये, आत्याबाय," प्रगती म्हणाली, "दोघी जरा गप बसाल का?"

मग तिनं मान दाराकडे वळवली आणि हाक मारली. ओरडली नाही. जेवण वाढलं की घरातल्याला बोलावतात तशी, ओट्यावरून, हात पुसत पुसत. "ये ना," ती म्हणाली. "ये, घरी ये."

बाहेर कोणाला काही समजेना. ते आरोळीची वाट पाहत होते. रूपेश म्हणाला, "कोणाला बोलावते ती?" मग म्हातारा माघ्या उठला, दाराजवळ आला आणि बोलावण्याला द्यावं तसंच, साधं, उत्तर त्यानं दिलं, "इकडं हाय आम्ही. इकडं ये."

प्रगतीनं जोर लावला. परत हाक मारली, परत जोर लावला. आणि पोरगी आली. काळीसावळी, डोक्यावर ओले केस, मुठी मिटलेल्या. आल्याबरोबर रडली. बाहेर जाड्यानं एवढ्या जोरात "इकडं!" ठोकलं की पांड्यानं त्याला फाटकाबाहेर काढलं.

मॅडमनी यंत्र बंद केलं. नर्सनं पोरगी पुसून प्रगतीच्या छातीवर ठेवली. मालूनं तिचं तोंड पाहिलं, आणि पोरीनं मान कोणत्या बाजूला वळवली तेही पाहिलं. मान जामसरच्या बाजूला होती. तशी ती दाराच्या बाजूलाही होती, पण मालूचं समाधान झालं.

प्रगती पोरीच्या केसांतून बोट फिरवत होती. ती थकली होती, पण डोळे स्वच्छ होते. थोड्या वेळानं तिनं वर पाहिलं आणि दोघींना विचारलं, "एवढाच असतो का?"

चैतीनं मालूकडे पाहिलं. मालूनं चैतीकडे. दोघींना तो प्रश्न जरा लागला.

"एवढाच," चैती म्हणाली.

मालूनं घशावर हात ठेवला. "एवढाच," तीही म्हणाली, आवाज नव्हता म्हणून ओठांनीच, आणि पोरीचे पाय चादरीत नीट गुंडाळायला लागली.